एसीचं निमित्त

त्या मंगळवारी माझी पत्नी कामावर गेली. दुपारी अंबडहून, तिच्या कारखान्यातून फोन आला. मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा ती गेली होती. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. संध्याकाळी अमरधामात मी तिला अग्नी दिला.

घरी परतलो तेव्हा सासूबाई आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. शेजारणी त्यांच्याभोवती होत्या. मला पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पाणी प्यायले का, विचारा त्यांना." शेजारच्या बाईंनी मला विचारलं. मी मान हलवली. आमच्यात बोलणं असंच चालायचं. जावयाशी थेट बोलायचं नाही, ही त्यांच्या गावची रीत. मी समोर बसलेलो असलो तरी त्या लेकीला म्हणायच्या, "भाजी वाढू का, विचार त्यांना." आणि मी पत्नीला सांगायचो, "आईंना म्हणावं, पोट भरलं." ती पोळी लाटता लाटता दोन्ही बाजूंचे निरोप पोचवायची आणि मधूनच म्हणायची, "मी घरात आहे की टपाल खात्यात?"

सासूबाई आमच्याकडे कशा आल्या ते सांगायला हवं. त्यांचं गाव येवल्याकडचं. घर पत्र्याचं. एका चैत्रात त्या अंगणात चक्कर येऊन पडल्या. हृदय अशक्त आहे, उन्हाळ्यात यांना गार जागेत ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पत्नीने आमची निजायची खोली त्यांना द्यायचं ठरवलं, कारण घरातला एकमेव एसी तिथे होता. पण सासूबाई तयार होईनात. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझा मेहुणाही कुरकुरत होता. मुलगा असताना आई मुलीकडे कशी, हा प्रश्न त्यालाच चार लोक विचारणार होते.

तेव्हा पत्नी म्हणाली, "तू माझ्याकडे राहायला येतच नाहीयेस. तू एसीकडे येतेयस. माझा काय संबंध?"

सासूबाईंना हे पटलं. गावाकडून कुणी आलं की त्या आधी खोलीतलं भिंतीवरचं पांढरं युनिट दाखवायच्या. "याच्यापायी ऱ्हायले बाई. डाक्टरनी लिवून दिलंय." एकदा उन्हाळा संपला तेव्हा पत्नीने, पावसाळी दमटपणाही तुझ्या छातीला बरा नाही, एसीत त्यासाठी वेगळी सोय असते, असं सांगून त्यांना थांबवलं. ती सोय खरोखर असते. रिमोटवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह येतं आणि यंत्र फार गार न करता हवेतला ओलावा काढून घेतं. पत्नी खोटं सांगत नसे. हाताशी जे खरं असेल त्याचाच ती उपयोग करी.

ती अंबडला विजेची पॅनेलं बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होती. तयार झालेलं पॅनेल बाहेर पडण्याआधी तिच्या हाताखालून जायचं. घरातही तिची रीत तीच. एसी बिघडला की मी फोनकडे धावायचो आणि ती खुर्ची ओढून एसीसमोर बसायची. बघत राहायची. आधी रिमोट. त्यावर सूर्य आहे, पंखा आहे की बर्फाची चांदणी; बटणं दाबताना कुणाच्या बोटाने काही बदललंय का. मग हात उंच करून आतून येणारा वारा तळव्यावर घ्यायची. वारा कमी पण गार असेल तर जाळी धुळीने भरलीय. वारा भरपूर पण कोमट असेल तर दोष मागच्या गॅलरीतल्या युनिटकडे. मला ही विभागणी फार आवडायची. ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट योग्य कप्प्यात पडली की बरं वाटतं.

काही करण्याआधी ती मुख्य बटण बंद करायची आणि लगेच हात लावायची नाही. "चहा ठेवा," असं मला म्हणायची. चहा होईपर्यंत आतली वीज निवते, असा तिचा हिशेब. मग समोरचं झाकण उचलून दोन्ही जाळ्या काढायच्या आणि मोरीत नळाखाली धरायच्या, पण उलट्या बाजूने, म्हणजे धूळ जाळीत आणखी रुतत नाही. वाळवायच्या त्या सावलीत. "उन्हात वाळवली की वाकते, वाकली की नीट बसत नाही, बसली नाही की धूळ कडेने आत जाते." हे ती मला नाही, आईला सांगायची. सासूबाई पलंगावरून सगळं बघत असायच्या. एकदा म्हणाल्या, "लेकराला न्हाऊ घालतीयास जणू." पत्नी हसली. आम्हाला मूल नव्हतं. पण त्या वाक्यात टोचणी नव्हती आणि तिला ती लागलीही नाही.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची आणि संध्याकाळी घरी. पाटावर तिचा टेस्टर, पक्कड, दोन पेचकस, माझा पुस्तकबांधणीचा दाभण आणि शेजारी एसीचा रिमोट. रिमोटला हळदीकुंकू लागू नये म्हणून त्यावर फक्त एक फूल. बटणांत कुंकू गेलं तर काय होतं, हे तिला ठाऊक होतं.

तेराव्यानंतर मेहुणा आईला न्यायला आला. माझं काही म्हणणं असायचं कारण नव्हतं. ज्या नात्याने त्या इथे होत्या ते नातं राहिलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "थंडी सरू दे. पत्र्याखाली लय काकडायला होतं." मेहुणा परत गेला. थंडी सरली तेव्हा त्याने पुन्हा फोन केला. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता ऊन लागलं ना. डाक्टरनी काय सांगितलंय?"

त्यांना जायचं नव्हतं. त्यांनी जाऊ नये असं मलाही वाटत होतं. पण हे दोघांपैकी कुणीही बोललं नाही. बोलायला मध्ये माणूस नव्हतं. पत्नीच्या लहानपणाचं जे काही होतं ते त्यांच्याजवळ, आणि संसाराचं माझ्याजवळ. त्या गेल्या असत्या तर माझ्यापुरती ती निम्मीच उरली असती. हे सगळं आता एका एसीवर येऊन ठेपलं होतं. तो चालू राहिला तर त्या राहतील. बंद पडला तर मेहुणा येईल आणि मला अडवता येणार नाही.

शिमग्याच्या सुमारास एसी त्या वर्षी पहिल्यांदा लावला आणि भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं. सासूबाई युनिटकडे तोंड करून म्हणाल्या, "याच्यातून पाणी येतंय म्हणावं." म्हणावं कुणी, हा प्रश्नच होता. मी खुर्ची ओढली आणि तिच्यासारखा समोर बसलो. वारा गार होता. पाणी मात्र चुकीच्या वाटेने येत होतं. आत जमणारं पाणी एका बारीक नळीतून मागच्या गॅलरीतल्या बादलीत पडायचं, हे मला माहीत होतं, कारण त्या पाण्याने फरशी पुसायचं काम माझं होतं. बादली कोरडी होती. म्हणजे नळी तुंबली होती.

गॅलरीत नळीच्या वरच खिळ्याला एक पितळी पिचकारी टांगलेली होती. तोंडाला चिंधी गुंडाळलेली. रंगपंचमीची पिचकारी वर्षभर तिथे का असते, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता ती हातात घेतल्यावर कळलं. चिंधी नळीच्या तोंडात घट्ट बसत होती. दट्ट्या हळूहळू मागे ओढला. आधी काहीच नाही. मग आतून खळखळ झाली आणि शेवाळाचा हिरवा गोळा पिचकारीत आला, पाठोपाठ पाणी. बादलीत धार लागली. किती साधी युक्ती, आणि किती तिची! बाजारातून काही न आणता, कुणाला न सांगता, रंग खेळायच्या वस्तूकडून तिने हे काम करून घेतलं होतं. मी पिचकारी धुतली, चिंधी पुन्हा तशीच गुंडाळली आणि खिळ्याला लावली.

"झालं म्हणावं," मी खोलीच्या दाराशी उभं राहून म्हणालो. आतून बांगड्यांचा आवाज आला.

चैत्र तापला. मागची गॅलरी पश्चिमेला आहे. दुपारनंतर ऊन थेट बाहेरच्या युनिटवर येतं. मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी बोलून गेलो, "बाहेरचं युनिट उन्हात फार तापतं हो. जुनंही झालंय. बघू किती दिवस साथ देतं ते." तो म्हणाला, "दाजी, बंद पडलं की कळवा. मी गाडी घेऊन येतो. तुमच्यावर किती दिवस भार टाकायचा?" तो चांगला माणूस आहे. त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुपारचं गार येईनासं झालं.

मी सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात जायचो आणि पाचच्या सुमारास यायचो. घरात शिरलो की सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "आज पण दुपारी गरम वारा. त्याच्यावरचा दिवा लुकलुकत होता म्हणावं." मी आत जाऊन बघायचो तर वारा गार, दिवा स्थिर. जाळ्या धुतल्या, सावलीत वाळवल्या. रिमोटच्या बॅटऱ्या बदलल्या. तापमान सव्वीसच्या खाली कुणी नेलंय का ते पाहिलं. त्यांच्या सांगण्यावरून दुपारचा वारा भरपूर आणि कोमट. म्हणजे दोष मागच्या युनिटकडे. पण मी घरी असताना मागचं युनिट छान घरघरत असायचं.

मेकॅनिकला बोलावलं. उन्हाळ्याच्या गर्दीत तो संध्याकाळीच मोकळा होता. त्याने गेज लावून गॅस बघितला, पाठीमागच्या बारीक पात्यांवरून हात फिरवला. "काका, काहीच नाही. पात्या पण स्वच्छ आहेत. दुपारी जास्त तापून स्वतःच बंद पडत असेल, मग निवला की चालू. वय झालंय त्याचं." निघताना त्याने हसून विचारलं, "नवीन बघायचा का?" सासूबाईंनी ते ऐकलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन आला. मेकॅनिक काय म्हणाला ते सासूबाईंनीच त्याला सांगितलं की आणखी कुणी, कळेना. "रविवारी येतो," तो म्हणाला.

शनिवारी मी रजा टाकली. जे दुपारी होतं ते दुपारीच बघायला हवं, हे तिने केव्हाच ओळखलं असतं. सासूबाईंना मी घरी राहिलेलं आवडलं नाही. "जेवण झालं की कुठं बाहेर जायचं असंल तर जावं म्हणावं," असं त्या दोनदा म्हणाल्या. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलो. ऊन कलायला लागलं तशी त्यांच्या पावलांची हळू चाहूल लागली. बादली उचलल्याचा आवाज. गॅलरीचं दार.

मी जाऊन बघितलं. त्यांच्या जुन्या सुती लुगड्याचे दोन तुकडे बादलीत बुचकळलेले होते. एक पिळून त्यांनी बाहेरच्या युनिटभोवती गुंडाळला होता, पाठीमागच्या पात्यांवरून पुढच्या जाळीपर्यंत, आणि टोकं नीट खोचली होती. दुसरा हातात होता. आपल्याकडे माठाला गुंडाळतात, अगदी तसं.

मला बघून त्या थांबल्या. पदर ओढायला हात रिकामा नव्हता.

"आई, हे काय करताय?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. गॅलरीत आम्ही दोघंच होतो. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला थेट उत्तर दिलं.

"तापतंय वो ते. तुम्हीच म्हणलात ना त्याला फोनवर. उन्हात उभं हाय बिचारं, दिवसभर. वलं फडकं घातलं की माठ कसा गार ऱ्हातो. म्हणलं, ह्याला बी आराम पडंल."

"रोज घालताय?"

"तुम्ही यायच्या आधी काढून ठेवती. तुम्हाला दिसलं तर म्हणाल, म्हातारी काय खेळ करतीया."

तेवढ्यात लुगड्याच्या आत यंत्र कण्हल्यासारखं झालं, टक् असा आवाज आला आणि ते थांबलं. आतल्या खोलीत दिवा लुकलुकत असणार. मी तुकडा सोडवला. मागच्या बाजूने तो पात्यांना चिकटून बसला होता, आत ओढल्यासारखा. थोड्या वेळाने यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा मी म्हणालो, "आई, हात धरा इथे, पुढे."

त्यांनी जाळीसमोर तळवा धरला आणि लगेच मागे घेतला. "आई गं! चुलीपुढं बसल्यासारखं हाय."

"ही तुमच्या खोलीतली गरमी आहे. आतली उचलून इथे आणून टाकतंय ते. मागून हवा घेतं, पुढून सोडतं. दोन्हीकडून बांधलं तर कुठे टाकणार?"

त्यांनी हातातला तुकडा बादलीत टाकला. मग म्हणाल्या, "म्हंजी मीच नाक दाबलं व्हय त्याचं?"

"हो."

"आन् माझ्या जायची सोय मीच करत व्हते."

त्या हसल्या की काय ते मला ठरवता आलं नाही. तोंडाला पदर लावून त्या बादलीशेजारी उंबऱ्यावर बसल्या. मीही बसलो.

"मला सांगायचं ना, आई."

"कुणाच्या तोंडून सांगू?" त्या म्हणाल्या. "सांगायची ती गेली."

आम्ही तिथेच बसून राहिलो. त्या तिच्याबद्दल बोलल्या. चौथीत असताना तिने घरातलं गजराचं घड्याळ उघडलं होतं आणि पुन्हा जोडताना एक चक्र उरलं होतं. ते तिने वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि घड्याळ चालायला लागलं. "चक्र कशाचं व्हतं ते तिलाबी कळलं न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "पण घड्याळ चाललं बघा." हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांना पिचकारीचं सांगितलं. त्यांना वाटत होतं, ती पिचकारी मी टांगलीय.

मग मी म्हणालो, "पण तुमचं निम्मं बरोबर होतं. सावली पाहिजेच त्याला." हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो नव्हतो. मी त्या युनिटकडे कितीदा पाहिलं असेन, पण ते उन्हात उभं आहे हे पाहून मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं. पुढचं चुकलं, पण सुरुवात त्या जिथून करतात तिथूनच त्यांच्या लेकीनेही आयुष्यभर केली: आधी समोरच्याचं काय होतंय ते बघायचं. तिचा हात कारखान्याने घडवला असेल. नजर मात्र या बाईची होती.

आम्ही बांबूचा जुना पडदा शोधून काढला. मी तो युनिटला चिकटवून बांधायला निघालो तर त्या म्हणाल्या, "लांब, लांब. नाक मोकळं ऱ्हाऊ द्या." गॅलरीच्या कठड्यावर, युनिटपासून चांगला हातभर बाहेर, वरून उतरता तो आम्ही बांधला. ऊन पडद्यावर थांबलं आणि वाऱ्याला वाट राहिली. दुपार असून दिवा एकदाही लुकलुकला नाही.

रविवारी मेहुणा आला. जेवण झाल्यावर आईचं सामान कुठंय, असं विचारायला तो खोलीत गेला आणि एसीखाली सतरंजीवर जरा टेकला. संध्याकाळपर्यंत घोरत होता. उठला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझा बा असाच. मला माहेराहून न्यायला यायचा आन् बैलगाडीतच निजायचा." तो ओशाळून हसला. "गार आहे राव खोली," मला म्हणाला. "असू द्या. पावसाळ्यात येतो."

तो पावसाळ्यात आला. एसी बंद होता, खिडक्या उघड्या होत्या, बाहेरून ओल्या मातीचा वारा येत होता. तो एकदा युनिटकडे आणि एकदा आईकडे बघत म्हणाला, "आई, आता एसी कशाला? चल. लोक विचारत्यात, लेक न्हाय तर जावयाच्या घरी काय करतीया म्हातारी."

मी काही म्हणायला तोंड उघडलं होतं. सासूबाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"लोकांना सांग," त्या म्हणाल्या, "एसीपायी न्हाय ऱ्हायली ती. तिला ऱ्हायचंय म्हणून ऱ्हायली."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं.

"मलाही त्या इथे हव्या आहेत," मी म्हणालो.

तो चहा पिऊन निघाला. दिवाळीला भाऊबिजेऐवजी आईला भेटायला येईन, असं दारात म्हणाला आणि चप्पल घालताना बराच वेळ खाली बघत राहिला.

सासूबाई इथेच राहतात. सकाळचा चहा मी करतो, संध्याकाळचा त्या करतात. घरात आम्ही दोघं आहोत.